बस एकच, की दर फेरीला नवी? सिम्युलेशनमधल्या फिरत्या मार्गांची पार्श्वभूमी

सुमो या रस्त्यावरच्या वाहतुकीची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आज बसच्या मार्गाला ‘रिपीट’ हा गुणधर्म लावला की बस तेच रस्ते आणि तेच थांबे सांगितले तेवढ्या वेळा घेत राहते. नव्याने शिकणाऱ्याला यात विशेष काही वाटत नाही. पण जर्मनीत 2000 साली या सॉफ्टवेअरचे काम सुरू झाले, तेव्हापासून पुढे बराच काळ अशी सोय त्यात नव्हती. बसचे थांबे मात्र होते. लेनवर सुरुवात आणि शेवट दाखवून थांबा बसवायचा, मार्गात त्याचा उल्लेख करायचा, किती सेकंद उभे राहायचे ते सांगायचे, एवढे करता येत होते. एकच गाडी दिवसभर फेऱ्या मारते, ही गोष्ट सांगायला मात्र सरळ वाट नव्हती.

त्या काळातही गाडीच्या वर्णनात पुनरावृत्तीची सोय होती, पण तिचा अर्थ निराळा होता. ठरावीक अंतराने त्याच गाडीच्या प्रती सोडल्या जात. पुढे याच कामासाठी ‘फ्लो’ रूढ झाला. दर 600 सेकंदांनी एक बस जन्माला येते, मार्ग संपवते आणि शेवटच्या थांब्यानंतर रस्त्यांच्या जाळ्यातून नाहीशी होते. पुढच्या फेरीला निघणारी बस कोरी असते. आधीची बस वीस मिनिटे रखडली असली तरी हिला त्याचा पत्ताही नसतो.

मोटारींच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. मोटार एका ठिकाणाहून दुसरीकडे जाते आणि मॉडेलचा तिच्याशी संबंध संपतो. सुमोसारख्या, एकेक गाडी वेगळी दाखवणाऱ्या सूक्ष्म पातळीच्या प्रणाली मुळात मोटारींच्या रांगा आणि सिग्नल तपासायला बनल्या होत्या, त्यामुळे बसही त्याच साच्यात बसवली गेली. सिग्नलच्या अभ्यासात बस म्हणजे बारा मीटर लांबीचे, मधेच लेन अडवून उभे राहणारे वाहन, आणि तेवढ्यासाठी फ्लो पुरतो. अडचण येते ती बससेवेचाच अभ्यास करायचा असतो तेव्हा.

याच साच्याला पुढे वेळापत्रकांच्या डेटानेही बळ दिले. 2005 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँड शहराचे वेळापत्रक एका शोधयंत्र कंपनीच्या नकाशासेवेत आले आणि त्यातून पुढच्या वर्षी वेळापत्रके फायलीत मांडण्याचा जीटीएफएस हा नमुना खुला झाला. प्रवाशाला ‘माझी बस किती वाजता’ हे सांगणे हा त्याचा हेतू, म्हणून त्याचा पायाभूत घटक फेरी आहे, गाडी नाही. एकाच गाडीच्या सलग फेऱ्या जोडणारा ‘ब्लॉक’ नावाचा रकाना त्यात आहे, पण तो ऐच्छिक आहे. तो रिकामा असला तर फेऱ्यांचे धागे एकमेकांपासून सुटे राहतात. अशा फायलीतून सुमोसाठी बस तयार करा किंवा खुल्या नकाशातल्या बसमार्गांवरून करा, हाती पडतात त्या एकेकट्या फेऱ्याच.

तीच बस फिरवायची की दर फेरीला नवी सोडायची, माझ्या मते या विषयातली सर्वांत दूरगामी निवड हीच आहे आणि तिची चर्चा फार कमी झाली. कारण बसच्या उशिराचे स्वरूप 1964 पासून माहीत आहे. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका रस्तेविषयक परिषदेत दोन संशोधकांनी दाखवले, की जरा मागे पडलेल्या बसला थांब्यावर जास्त माणसे भेटतात, ती चढेपर्यंत बस आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला माणसे कमी मिळतात, म्हणून ती पुढे सरकते, आणि शेवटी दोन्ही एकामागोमाग येतात. 1998 मध्ये एडिनबरोच्या भौतिकशास्त्रज्ञांनी हेच एका वर्तुळावर मांडले. त्यांच्या मॉडेलमध्ये बसची संख्या ठरलेली होती, कुठलीही बस कधी बाहेर जात नव्हती आणि प्रवासी थांब्यांवर साचत राहत होते. काही फेऱ्यांनंतर बसचे झुंबड होऊन फिरणे हा त्या वर्तुळाचाच गुणधर्म ठरला. वर्तुळ न तुटल्यामुळेच तो दिसला. फ्लोमध्ये मात्र प्रत्येक बस वेळेवर जन्मते, त्यामुळे झुंबड मार्गाच्या उत्तरार्धात जेमतेम जमते आणि शेवटच्या थांब्यावर विरते. बससेवा आहे त्याहून सुरळीत दिसते, आणि त्या आकड्यांवर कोणी जादा बस लागणार नाहीत असा निष्कर्ष काढला तर तो उघड चुकीच्या पायावर उभा असतो.

काही वर्षे लोकांनी आडवाटा काढल्या. कोणी मार्गातले रस्ते आणि थांबे दहा-वीसदा लिहून काढले. कोणी वाटेत ‘रीराउटर’ (गाडीचा मार्ग मधेच बदलणारा घटक) ठेवून गाडीला पुन्हा सुरुवातीच्या रस्त्याकडे वळवले. पहिल्या पद्धतीत फाइल अवाढव्य होते, पण प्रत्येक थांब्याची वेळ हवी तशी लिहिता येते. दुसरीत बस फिरत राहते, पण वेळापत्रकाचा हिशेब सुटतो.

हा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. थांब्यावर किती वेळ राहायचे ते सुमोमध्ये दोन प्रकारे सांगता येते. ‘ड्युरेशन’ म्हणजे किमान इतके सेकंद उभे राहा. ‘अंटिल’ म्हणजे अमुक वेळ होईपर्यंत निघू नका. दोन्ही दिले तर दोन्ही अटी पाळाव्या लागतात. लवकर आलेली बस थांबून वेळ भरून काढते, उशिरा आलेली फक्त ड्युरेशनपुरती थांबते. फ्लोमध्ये प्रत्येक नव्या बसबरोबर अंटिलची वेळही पुढे ढकलली जाते, म्हणून तिथे गोंधळ नाही. पण तीच बस दुसऱ्या फेरीला आली आणि अंटिल पहिल्या फेरीचेच राहिले, तर ती वेळ केव्हाच उलटून गेलेली असते. बस कुठेच वेळेसाठी थांबत नाही, नुसती धावत सुटते. पडद्यावर सगळे छान दिसते, वेळापत्रक मात्र पहिल्या फेरीनंतर अस्तित्वातच नसते. म्हणून ‘रिपीट’बरोबर आलेला ‘सायकलटाइम’ हा दुसरा गुणधर्म मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक फेरीला थांब्यांच्या वेळा किती सेकंदांनी सरकवायच्या, हे तो ठरवतो. दर 10 मिनिटांनी बस हवी आणि सहा बस असतील तर हा आकडा 3600 येतो. प्रत्यक्ष फेरीला त्याहून जास्त वेळ लागत असेल तर बस प्रत्येक फेरीत आणखी मागे पडेल, आणि पडायलाच हवी.

खऱ्या शहरांनी वर्तुळाचा हा त्रास अनुभवला आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेची सर्कल लाइन अनेक दशके पूर्ण गोल फिरत होती. डिसेंबर 2009 मध्ये तो गोल तोडून तिला हॅमरस्मिथचे टोक दिले गेले. अखंड गोलात गाड्यांना श्वास घ्यायला जागाच नव्हती, उशीर फिरत राहायचा. उलट बर्लिनची रिंगबान ही गोल फिरणारी लोकल रेल्वे 2002 मध्ये पुन्हा पूर्ण गोल झाली आणि सुमारे साठ मिनिटांत एक फेरी या तालावर चालते. त्याच शहरात सुमोचा विकास होतो.

सुमोमध्ये गोल फिरवताना आणखी एक पथ्य आहे. वेगळे काही सांगितले नसेल तर जाळ्यात 300 सेकंद अडकलेले वाहन उचलून पुढे ठेवले जाते. थांब्यावर मुद्दाम उभ्या बसला हे लागू नाही, पण भरलेल्या थांब्यामागे खोळंबलेल्या बसला लागू पडते. झुंबड पाहायची असेल तर नेमकी तीच बस हवेतून पुढे जाते. फ्लोमध्ये हा दोष त्या फेरीबरोबर संपतो, फिरत्या बसमध्ये तो पुढच्या सगळ्या फेऱ्यांत उतरतो. सॉफ्टवेअरने आधीच ठरवून दिलेली इतर मूल्येही अशीच डोळे झाकून घेऊ नयेत. बसमध्ये चढायला माणशी अर्धा सेकंद लागतो, हा आकडा संध्याकाळच्या दादरला किंवा स्वारगेटला टिकणारा नाही.

मुंबई-पुण्याच्या बाबतीत आणखी मोठी अडचण सायकलटाइममध्येच आहे. तो एकच आकडा सगळ्या फेऱ्यांना लागतो. आपल्याकडे सकाळी सातच्या फेरीला आणि संध्याकाळी सातच्या फेरीला एकच वेळ पुरत नाही, हे डेपोतल्या कोणालाही विचारा. वेळापत्रक करणारे गर्दीच्या वेळी फेरीला जास्त मिनिटे देतात, दुपारी चालक-वाहकांच्या पाळ्या बदलतात, उशीर फार झाला तर बस अर्ध्यातून वळवली जाते. त्यामुळे एका तासाच्या अभ्यासाला रिपीट उत्तम चालतो, पण पूर्ण दिवस दाखवायचा असेल तर प्रत्येक फेरीचे थांबे आणि त्यांच्या वेळा हाताने किंवा स्क्रिप्टने लिहून काढण्याची जुनी पद्धतच आजही जास्त विश्वासाची आहे.