दूतावासांचा प्रादेशिक उद्योगसंपर्क

दूतावास, वाणिज्य दूतावास किंवा त्यांचा व्यापार विभाग राजधानी सोडून प्रांतांमधल्या, औद्योगिक पट्ट्यांमधल्या कंपन्यांपर्यंत जातो आणि मुक्त व्यापार करारात (एफटीए) त्यांच्या मालाला काय सवलत आहे, ती घ्यायला कुठले कागद लागतात हे समजावतो, त्या कामाला उद्योगसंपर्क म्हणतात. व्यापारी राजनयाचाच, म्हणजे व्यापारासाठीच्या मुत्सद्देगिरीचाच, हा एक भाग. सेमिनार, रोड शो, बायर-सेलर मीट, फॅक्टरी भेटी हे सगळ्यांना माहीत असतं त्यामुळे त्यावर इथे फार लिहिलेलं नाही. संपर्काची दिशा मात्र दोन्हीकडे असते हे लक्षात ठेवायला हवं. एक म्हणजे यजमान देशातल्या कंपन्यांना भेटणं, आणि दुसरी म्हणजे परदेशात नेमलेले अधिकारी मायदेशी आले की तिथल्या प्रांतांमधल्या निर्यातदारांसोबत बसणं. ऑस्ट्रियाचे व्यापार प्रतिनिधी असे प्रांतिक चेंबरमध्ये (उद्योग-व्यापाऱ्यांच्या संघटनेत) कंपन्यांना वेळ देतात.

उगम

यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जुने संदर्भग्रंथ सुरुवात थेट प्राचीन ग्रीक नगरराज्यांच्या ‘प्रॉक्सेनोस’पासून करतात. प्रॉक्सेनोस म्हणजे आपल्याच नगरात राहून दुसऱ्या नगराच्या लोकांची कामं बघणारा प्रतिष्ठित नागरिक. दुसरं मत मध्ययुगीन व्यापारी कॉन्सलांचं (कॉन्सल म्हणजे वाणिज्यदूत). साधारण बाराव्या-तेराव्या शतकात पिसा, जेनोआ, व्हेनिस यांच्या व्यापाऱ्यांनी पूर्व भूमध्य समुद्राकाठच्या बंदरांमध्ये वस्त्या केल्या, तिथे तंटे सोडवायला आणि स्थानिक सत्तेशी बोलायला आपला माणूस ठेवला, आणि १२६० च्या दशकात आरागॉनच्या राजाने बार्सिलोनाला परदेशात कॉन्सल नेमायचा हक्कही दिला. दुसरं मत जास्त पटतं, कारण प्रॉक्सेनोस हा ज्या नगरात काम करायचा तिथलाच नागरिक, पाठवणाऱ्याचा अधिकारी नाही. आजच्या मानद वाणिज्यदूताशी मात्र त्याचं साम्य खरंच आहे, कारण मानद दूतही बऱ्याचदा स्थानिक व्यापारीच असतो.

फ्रान्स आणि ऑटोमन साम्राज्य यांच्यातल्या ‘कॅपिच्युलेशन’ सवलतींची (सुलतानाने परदेशी व्यापाऱ्यांना दिलेल्या सवलती) तारीखही अशीच वादात आहे. बरेच ग्रंथ १५३६ (काही १५३५) देतात, पण तो मसुदा सुलतानाने कधी मंजूर केला का यावर नंतरच्या संशोधकांना शंका आहे आणि खात्रीने सांगता येणारा दस्तऐवज १५६९ चा, म्हणून इथे १५६९ धरलं आहे. या सवलतींमध्ये परदेशी व्यापाऱ्यांचं शुल्क आणि त्यांच्या कॉन्सलांचे अधिकार एकाच कागदावर येतात, म्हणजे करार आणि तो वापरायला मदत करणारा माणूस ही जोडी तेव्हापासूनची आहे.

इंग्लंडचं उदाहरण तर आजच्या वाचकाला उलटंच वाटेल. विल्यम हार्बोर्न १५८३ मध्ये ऑटोमन राजधानी कॉन्स्टँटिनोपलला (आजचं इस्तंबूल) राजदूत म्हणून पोचला तेव्हा नेमणूक राणीची होती पण खर्च व्यापारी कंपनीचा, आणि १५९२ नंतर हीच मंडळी लेव्हँट कंपनी म्हणून ओळखली गेली. राजदूताचा पगार व्यापाऱ्यांच्या खिशातून जायचा ही पद्धत पुढे दोनशे वर्षांहून जास्त टिकली, कंपनी १८२५ मध्ये बंद झाली. म्हणजे सुरुवातीला दूतावास व्यापाऱ्यांकडे जात नव्हता, तो व्यापाऱ्यांचाच होता.

एकोणिसाव्या शतकात हे तुटलं. राजनय हे खानदानी लोकांचं काम, बाजारभाव बघणं कॉन्सलचं, अशी विभागणी पक्की झाली. १८६० च्या इंग्लंड-फ्रान्स व्यापार करारानंतर युरोपात शुल्क करारांची साखळी लागली तेव्हा दूतावासातच शुल्काचं ज्ञान असलेला माणूस लागायला लागला. व्यापारी अटॅशे (दूतावासात व्यापाराचं काम बघणारा अधिकारी) या पदाची सुरुवात काही ठिकाणी १८८० तर काही ठिकाणी १८८२ दिलेली दिसते. दोन्ही आकडे जोसेफ क्रो या एकाच ब्रिटिश अधिकाऱ्याचे आहेत, १८८० मध्ये बर्लिन आणि व्हिएन्ना, १८८२ मध्ये पॅरिसला बसून अख्खा युरोप, त्यामुळे पदाची सुरुवात म्हणून १८८० घेणंच बरोबर. कॅनडाने जॉन लार्क यांना व्यापार आयुक्त म्हणून पाठवलं, ते १८९५ च्या सुरुवातीला सिडनीत पोचले, तर कॅनडाची स्वतःची पहिली वकिलात वॉशिंग्टनला १९२७ मध्ये उघडली. तिथे व्यापार आधी आला आणि राजनय नंतर.

कायदेशीर चौकट

१९६१ च्या व्हिएन्ना राजनयिक संबंध कराराच्या कलम ३ मध्ये दूतावासाच्या कामांत आर्थिक संबंध वाढवणं स्पष्ट लिहिलं आहे. १९६३ च्या वाणिज्य संबंध कराराचं कलम ५ त्याच्याही पुढे जातं, यजमान देशातली व्यापारी परिस्थिती कायदेशीर मार्गांनी समजून घ्यायची, ती आपल्या सरकारला कळवायची आणि इच्छुकांना माहिती द्यायची. उद्योगसंपर्काचा खरा आधार हे शेवटचे शब्दच आहेत. प्रांतात जाण्याला मर्यादा पण आहेत. १९६१ च्या कराराचं कलम १२ सांगतं की राजधानीबाहेर दूतावासाचं ऑफिस उघडायचं तर यजमान देशाची आधी स्पष्ट संमती लागते. फिरती भेट, चेंबरच्या हॉलमधली बैठक यांना हे कलम लागू होत नाही, आणि कायम ऑफिसपेक्षा रोड शो सोपे का पडतात याचं एक कारण हे आहे. कलम ४२ प्रमाणे राजनयिक अधिकाऱ्याने स्वतःच्या फायद्यासाठी धंदा करायचा नाही. भेट घडवून द्यायची, सौदा करायचा नाही, ही रेषा तिथून येते.

नेमकं काय सांगितलं जातं

इथे खरा गाभा आहे आणि दुर्दैवाने भाषणांमध्ये सर्वात कमी वेळ यालाच मिळतो. मुक्त व्यापार क्षेत्रात (कस्टम्स युनियनमध्ये नाही, तिथे बाहेरच्यांसाठी सगळ्यांचं शुल्क एकच असतं) प्रत्येक देश बाहेरच्यांसाठी आपलं शुल्क वेगळं ठेवतो. मग तिसऱ्या देशाचा माल कमी शुल्काच्या देशातून आत घुसू नये म्हणून ‘रूल्स ऑफ ओरिजिन’ लागतात, म्हणजे माल नक्की कुठे ‘झाला’ हे ठरवायचे नियम. करार लागू झाला म्हणून शुल्क आपोआप माफ होत नाही, माल त्या नियमात बसतो हे दाखवावं लागतं आणि आयात करताना सवलत मागावी लागते.

पहिली पायरी एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आकडा. १ जानेवारी १९८८ पासून लागू असलेल्या या पद्धतीत पहिले सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे ज्या त्या देशाचे. कोड चुकला तर पुढचं सगळं चुकतं. मग त्या कोडसाठी करारातला नियम बघायचा: कच्च्या मालापेक्षा तयार मालाचा कोड बदलतो का, किंवा मूल्यवर्धन ठरलेल्या टक्क्याइतकं होतं का, किंवा अमुक प्रक्रिया इथेच झाली का. कपड्यांमध्ये हे फार टोचतं. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांच्या नाफ्ता कराराच्या (१९९४) नियमात मुळात धाग्यापासून पुढचं काम सदस्य देशांत हवं होतं. युरोपियन युनियन-व्हिएतनाम करारात (१ ऑगस्ट २०२०) कापडापासून पुढचं हवं, आणि दक्षिण कोरियाचं कापड वापरलं तरी ठरलेल्या अटींवर चालतं. ही शेवटची ओळ शिलाई युनिट चालवणाऱ्या माणसाला कोणी सांगितली नाही तर त्याच्यासाठी तो करार झालाच नाही असं समजा.

कागदही करारागणिक बदलतात. युरोपियन युनियन-दक्षिण कोरिया करारात (२०११ पासून) ६,००० युरोपेक्षा जास्त किमतीच्या मालावर ओरिजिनची घोषणा फक्त ‘मान्यताप्राप्त निर्यातदार’ करू शकतो, तर युरोपियन युनियन-जपान करारात (२०१९) आयातदाराला स्वतःच्या माहितीवरही सवलत मागता येते. करार इतके एकमेकांवर चढलेत की अर्थतज्ज्ञ जगदीश भगवतींनी १९९५ मध्ये त्याला ‘स्पॅगेटी बाउल’ म्हटलं. आशिया-पॅसिफिकमधल्या १५ देशांचा आरसीईपी करार (१ जानेवारी २०२२) एकाच नियमसंचात बरेच देश आणतो, पण जुने द्विपक्षीय करारही चालूच राहतात, मग निर्यातदाराला दोन्ही ताडून बघावे लागतात.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सर्वसाधारण शुल्क (कराराची सवलत न घेता लागणारं) आधीच शून्य असेल तर कराराने शुल्कात काहीच वाचत नाही, आणि ते २-३ टक्केच असेल तर हिशेब ठेवणं, पुरवठादारांकडून घोषणापत्रं गोळा करणं, नंतरच्या कस्टम्स तपासणीची तयारी यांचा खर्च वाचलेल्या शुल्कापेक्षा जास्त होऊ शकतो. मोठ्या कंपनीकडे यासाठी वेगळं खातं असतं, छोटीकडे बऱ्याचदा मालकच सगळं बघतो, म्हणून राजधानीबाहेरच्या लघु-मध्यम उद्योगांना समोर बसून दिलेला एक तास जास्त कामाचा ठरतो.

संस्था

काम कोणी करायचं यावर देशांचे मार्ग वेगळे आहेत. अमेरिकेने १९८० मध्ये परदेशातलं व्यापारी काम परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे नेलं. जपानची जेट्रो (१९५८) आणि दक्षिण कोरियाची कोट्रा (१९६२) या दूतावासापासून वेगळ्या सरकारी संस्था आहेत. जर्मनीची परदेशातली चेंबर म्हणजे सदस्य कंपन्यांच्या संघटना, पहिलं १८९४ मध्ये ब्रसेल्सला.

परिणाम

अर्थतज्ज्ञ अँड्र्यू रोझ यांनी २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात २२ निर्यातदार देश घेतले. त्यात परदेशातल्या प्रत्येक जादा वाणिज्य दूतावासामागे त्या देशाकडची निर्यात अंदाजे ६ ते १० टक्के जास्त दिसली, आणि पहिल्या दूतावासाचा परिणाम नंतरच्या ऑफिसांपेक्षा मोठा होता. जिथे व्यापार आधीच जास्त तिथेच ऑफिसं उघडतात हा आक्षेप यावर येतो, रोझ यांनी तो सांख्यिकी पद्धतीने हाताळायचा प्रयत्न केला आहे. पण हा आकडा ऑफिस असण्याचा आहे. एखाद्या प्रांतात घेतलेल्या सेमिनारचा परिणाम त्यावरून काढू नये. त्यासाठी सवलत-वापराचा दर, म्हणजे पात्र आयातीपैकी किती मालावर सवलत खरोखर मागितली गेली, हे मोजमाप जास्त जवळचं आहे.