भरतीची उघाडी आणि आत्येची किडनी

पाय सुजलेले, चार पावलांत धाप, त्यात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा, वाढून १.९. आत्येला इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, रत्नागिरीला नेलं, पण निदान घरीच ठरलं होतं: लघवीच्या गोळ्यांनी किडनी सुकली, त्या बंद करा आणि भरपूर पाणी द्या.

डॉक्टरांनी हृदय बघून झाल्यावर प्रोब, म्हणजे यंत्राचा हातात धरायचा भाग, बरगड्यांखाली पोटावर टेकवला. "आजी, नाकाने जोरात श्वास ओढा." पडद्यावर एक जाड काळा पट्टा होता. आत्येने तपकीर ओढल्यासारखा श्वास घेतला. पट्टा हललासुद्धा नाही.

ही खालच्या अंगातलं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर. मोठ्या माणसात ती साधारण २१ मिलिमीटरपर्यंत रुंद असते आणि असा श्वास ओढला की निम्म्याहून जास्त आकसते. आत्येची २४ होती. अंगातलं पाणीच कमी झालं असतं, तर ती बारीक आणि मिटणारी दिसली असती.

मला आमच्या खाडीकाठची खारजमीन आठवली. ओहोटीला बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची फळी, उघडते, शेतातलं पाणी खाडीत जातं; भरतीला फळी मिटते. श्रावणात उधाण आणि पाऊस एकदम आले की भात बुडतं ते पाणी निघायला वाट नसते म्हणून.

किडनीचं असंच होतं. दोन्ही मिळून जेमतेम ३०० ग्रॅमच्या, पण मिनिटाला लिटरभर रक्त घेतात, म्हणजे हृदय उपसतं त्याचा पाचवा हिस्सा. हे रक्त वाहतं ते धमनी आणि शीर यांच्यातल्या दाबाच्या फरकावर. हृदय थकून मागे रक्त तुंबलं की शिरेतला दाब चढतो. किडनी घट्ट आवरणात बसलेली, तिला फुगायला जागा नाही. गाळणं मंदावतं आणि क्रिएटिनिन वाढतं. तो आकडा बघून आपण दोष किडनीला देतो, आणि पाणी पाजून भरती आणखी वाढवतो!

उलटी वाटही आहेच. किडनी आधी बिघडली तर अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. लघवीतून प्रथिनं जाणाऱ्या रुग्णांची हृदयं अशी वाढलेली असतात, हे लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच नोंदवलं होतं, तेही शवविच्छेदनात. आज ते इकोत जिवंतपणी दिसतं. अँजिओग्राफीत आयोडीनचं औषध शिरेत किंवा धमनीत सोडावं लागतं आणि ते बाहेर टाकायचं काम किडनीचंच, म्हणून आधी क्रिएटिनिन विचारतात. साध्या इकोला असलं काही लागत नाही, नुसता ध्वनी.

आत्येच्या गोळ्या बंद झाल्या नाहीत. उलट दाखल करून तेच औषध शिरेतून दिलं. सुकट आणि लोणचं मात्र बंद, आणि तिचा सगळा राग त्यावर. आठव्या दिवशी क्रिएटिनिन १.४ आलं. पुन्हा प्रोब टेकवला, पुन्हा "नाकाने श्वास ओढा", आणि या वेळी पट्टा मधोमध मिटला.