डोहाळे उबेचे

गर्भार बाई म्हटलं की आपल्याकडे आधी ताट वाढलं जातं. ‘आता दोन जीवांचं खायला हवं’ हे ऐकल्याशिवाय कुणाचे नऊ महिने जात नाहीत. पाळलेली गार्टर सापाची मादी गाभण असेल, तर मात्र हे प्रेम जरा आवरावं लागतं. तिला डोहाळे लागतात ते उबेचे.

गार्टर साप मूळचा उत्तर अमेरिकेचा. सडपातळ अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पिवळसर पट्टे. मोजे घसरू नयेत म्हणून पूर्वी पायाला जी पट्टी बांधत, तिच्यावरून हे नाव पडलं. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी घरांना तो परसातल्या गवतात कधीतरी दिसलाही असेल. तिकडे आणि युरोपात तो हौसेनं पाळतात. (आपल्याकडचे रानातले साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी ओढ्यावर जाऊ नये.) नात्यानं तो आपल्या पाणदिवडीच्या कुळातला. पण पाणदिवड अंडी घालते, तर गार्टरची मादी घोणशीसारखी थेट पिल्लं देते. पकडून आणलेल्या घोणशीनं सर्पमित्राकडेच वीस-तीस पिल्लं दिल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

गार्टर पाळणाऱ्यांवरही असाच प्रसंग येतो. नर-मादी वेगळी करून कित्येक महिने उलटलेले असतात आणि एका सकाळी पेटीत पिल्लं वळवळत असतात. मादी नराचं बीज शरीरात साठवून ठेवते आणि सोयीच्या वेळी वापरते. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाचं ठिकाण आहे. तिथल्या चुनखडीच्या कपारींतून एप्रिलअखेर ते मे महिन्यात हजारो गार्टर साप हिवाळ्याची झोप संपवून बाहेर येतात आणि एकेका मादीभोवती नरांचा अक्षरशः गुंता होतो. पिल्लं जन्मतात ती तिथला उन्हाळा उतरताना, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास.

गर्भ साधारण दोन ते तीन महिने राहतो. ‘साधारण’ म्हणायचं कारण असं, की हा हिशेब कॅलेंडरपेक्षा तापमानावर चालतो. सापाला स्वतःची शरीरऊब तयार करता येत नाही. थंडाव्यात राहिली तर गर्भांची वाढ रेंगाळते, फार तापली तर ते दगावतात. म्हणून एरवी दगडाखाली दडून बसणारी मादी गाभणपणी तासन्‌तास उन्हात पडून असते आणि शरीर तीस अंश सेल्सिअसच्या आसपास राखण्यासाठी ऊन-सावलीत सारखी जागा बदलते. वेड फॉक्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९४८ साली गाभण माद्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं, की गर्भारपणातल्या तापमानानुसार पिल्लांच्या पोटावरच्या खवल्यांची संख्या बदलते. सापाच्या धडात पोटावरचा एक खवला म्हणजे पाठीचा एक मणका. म्हणजे आई कुठे शेकत बसली याची नोंद लेकरांच्या कण्यात होते! मला तरी ही गोष्ट कुठल्याही नागकथेपेक्षा अद्भुत वाटते.

पाळणाऱ्याचं मुख्य काम यातूनच ठरतं. पेटीचं एक टोक तीस-बत्तीस अंश, दुसरं बावीस-चोवीस. दोन्हीकडे लपायला आडोसा हवा, नाहीतर बिचारीला ऊब आणि सुरक्षितता यांतलं एकच निवडावं लागतं. पेटीला ऊब देणारी हीट मॅट, तापमान आवरणाऱ्या थर्मोस्टॅटशिवाय लावू नये. सगळी पेटी तापली तर तिला पळायला जागा उरत नाही. जागा तिची तिला निवडू द्यावी. पिल्लं बहुतांशी अंड्यातल्या बलकावरच वाढतात, पण पाणी, प्राणवायू आणि थोडे क्षार त्यांना आईकडून वारेतून मिळतात. त्यामुळे ताजं पाणी रोज हवंच, शिवाय ओलसर शेवाळाचा एक डबाही ठेवावा.

आता जेवण. सुरुवातीच्या आठवड्यांत ती खाते, तेव्हा लहान घास थोड्या-थोड्या दिवसांनी द्यावेत: गांडुळं, उंदराची पिल्लं, माशाचे तुकडे. मासा मात्र निवडून. गोल्डफिशसारख्या काही माशांत थायमिनेज हे विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं आणि सतत तेच खाल्लं तर सापाला झटके येऊ शकतात. शेवटच्या दिवसांत बऱ्याच माद्या अन्नाला तोंड लावत नाहीत. पोटात पिल्लांची इतकी दाटी झालेली असते की घासाला जागा कुठली? घाबरून जबरदस्तीनं भरवू नये. पोट चाचपून पिल्लं मोजायचा मोहही टाळावा. अंगाचा मागचा भाग फुगलेला आणि खवल्यांमधली कातडी दिसू लागलेली, एवढी खूण पुरे. उगाच हाताळणं बंद.

दिवस भरत आले की पाण्याचं भांडं उथळ करावं आणि तळाला टिश्यू पेपर अंथरावा. मग झाकणाच्या फटी बघाव्यात. बोटभर रुंदीची फट आईला अडवते, पण पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पिल्लांना तो राजमार्ग असतो. सोफ्याखालून साप शोधून काढण्यापेक्षा चिकटपट्टी स्वस्त पडते. सरीसृपांवर उपचार करणारा पशुवैद्यही आधीच गाठून ठेवावा. मादी कित्येक तास कळा देते आहे आणि काहीच बाहेर येत नाही, किंवा काही पिल्लं झाल्यावर मध्येच थांबली आणि पोटात गाठी जाणवतात, असं झालं तर लगेच त्याच्याकडे न्यावं.

एका वेळी दहा ते चाळीस पिल्लं होतात. प्रत्येक पातळ पारदर्शक पिशवीत गुंडाळलेलं असतं, ती फोडून ते स्वतःच बाहेर पडतं. सोबत पिवळे, जेलीसारखे गोळेही पडतात. ती न फळलेली अंडी, काढून टाकावीत. आई मागे वळूनही पाहत नाही. पिल्लांना छोट्या डब्यांत हलवावं. आई त्या दिवशी सुरकुतलेली, अर्धी झालेली दिसते. तिच्यापुढे दोन-चार गांडुळं ठेवून बघावीत.