बेरीज गुणांची की क्रमांकांची?

गणेशोत्सव आणि नवरात्र आलं की सोलापुरात सुगम गायनाच्या आणि भजनाच्या स्पर्धांना ऊत येतो. मंडळाच्या मांडवात असो की हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात, निकालानंतर गुणपत्रक कुणाच्या तरी हाती लागतं आणि कुजबुज सुरू होते: "तीनपैकी दोघांनी हिला पहिलं धरलं होतं, मग ही दुसरी कशी?" लगेच वशिल्याचा संशय येतो. बहुतेक वेळा वशिला नसतोच. परीक्षकाने दिलेले गुण आणि त्यातून निघणारा क्रमांक यांना आपण एकच समजतो, तिथे घोळ होतो.

एक हिशेब करून बघू. गायिका तीन, परीक्षक तीन, गुण शंभरपैकी. पहिला परीक्षक अ, ब, क यांना ७८, ७६, ७४ देतो. दुसरा देतो ८१, ८०, ७७. दोघांच्या मते अ पहिली, ब दुसरी, क तिसरी. तिसऱ्याचा हात मात्र मोकळा आहे. तो ब ला ८५ देतो, अ ला ६२ आणि क ला ५८. गुणांची बेरीज केली तर ब २४१, अ २२१, क २०९. ब वीस गुणांनी जिंकली. आता प्रत्येक परीक्षकाने लावलेल्या क्रमांकांची बेरीज करा: अ ची बेरीज ४, ब ची ५, क ची ९. ज्याची बेरीज कमी तो पुढे, म्हणजे अ जिंकली. कागद तेच, परीक्षक तेच, लबाडी कुणाचीच नाही.

असं होतं, कारण पहिल्या दोघांनी सगळ्यांना चार गुणांच्या पट्ट्यात बसवलं आणि तिसऱ्याने सत्तावीस गुणांचं अंतर ठेवलं. बेरजेत त्याचं एकट्याचं मत दोघांना पुरून उरलं. तो चुकला असं मात्र मी म्हणणार नाही. कदाचित अ चा अंतरा खरोखरच पट्टी सोडून गेला असेल आणि ते त्यालाच नेमकं ऐकू आलं असेल. दोन गाण्यांत अंतर किती, हे गुणांत टिकतं. क्रमांकात ते पुसलं जातं. एका श्रुतीने पुढे असलेलाही पहिला आणि मैलभर पुढे असलेलाही पहिलाच.

तरीही हौशी स्पर्धेचा निकाल क्रमांकांच्या बेरजेवर लावावा, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे परीक्षक वेगवेगळ्या घरांतून येतात. एक पेटी शिकवणारे गुरुजी, एक भजनी मंडळातले जाणते, एक नाट्यगीतं गाणाऱ्या बाई. प्रत्येकाचा गुण देण्याचा हात निराळा. कुणाला ऐंशीच्या वर जाणं जमत नाही, कुणी नव्वदच्या खाली येत नाही. क्रमांक घेतले की हा फरक निकालातून निघून जातो. युरोव्हिजन या देशादेशांतल्या गाण्याच्या स्पर्धेत १९७५ पासून हेच चालतं: प्रत्येक देशाने आपल्या पसंतीच्या पहिल्या दहांना १२, १०, ८ आणि मग ७ पासून १ असे ठरलेलेच गुण द्यायचे, कमीजास्त करता येत नाहीत.

क्रमांकांतही एक खोड आहे. वरच्या उदाहरणात चौथी गायिका ड आली असं समजा. पहिले दोघे तिला शेवटची धरतात, तिसरा तिला ब च्या खाली पण अ च्या वर ठेवतो. आता अ ची बेरीज ५ आणि ब चीही ५. अ आणि ब यांच्या गाण्यात काडीचाही बदल झाला नाही, तरी बरोबरी झाली! म्हणून बरोबरी कशी सोडवायची (जास्त परीक्षकांनी जिला पहिलं धरलं ती पुढे, हा मला पटणारा नियम) ते स्पर्धेआधी सांगून टाकावं. निकालाच्या टेबलावर ठरवलेला नियम कितीही योग्य असला तरी संशयच वाढवतो.

सुरुवातीच्या स्पर्धकांवर होणारा अन्याय मात्र दोन्ही पद्धतींत शिरतो. परीक्षक पहिल्या दोन-तीन जणांना हात राखून गुण देतात, पुढे कोण येईल कुणास ठाऊक. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेत वाजवण्याचा क्रम चिठ्ठीने ठरतो. तिथल्या जुन्या निकालांच्या अभ्यासातही आधी वाजवणारे मागे पडलेले दिसले. उपाय साधा आहे. गुण पेन्सिलीने लिहावेत आणि पाच-सहा गाणी झाली की मागे वळून पुन्हा तपासावेत. सोलापूरच्या तेलुगू भाषिक पूर्व भागातल्या स्पर्धेत तेलुगू गाणं आलं आणि परीक्षकाला तेलुगू येत नसेल, तर उच्चारांचे गुण त्याने देऊच नयेत. ते जाणकाराकडे सोपवावेत.

गाणाऱ्यांनी हा फरक ओळखला तर निकाल पचवणं बरंच सोपं जातं. गेल्या वर्षी ८२ आणि यंदा ७४ पडले म्हणजे गळा बिघडला असं नाही. परीक्षक बदलले, त्यांचा हात बदलला. दुसरा नंबर म्हणजे त्या संध्याकाळी एकजण पुढे होता, एवढंच. गुणपत्रकातले स्वर, ताल, भाव हे रकाने मात्र घरी नेऊन नीट वाचावेत. तिन्ही परीक्षकांनी तालाला कमी दिले असतील तर तबल्याबरोबर बसायला हवं.

विचारायचं काय, तेही यातून ठरतं. बेरीज पुन्हा तपासा, असं म्हणण्याचा हक्क प्रत्येक स्पर्धकाला आहे. अमुक परीक्षकाने बासष्टच का दिले, हे त्याच्याकडून शिकण्यासाठी विचारावं, गुण वाढवून मागण्यासाठी नाही. आणि जिंकलेल्याला यात ओढू नये. १९८० च्या वॉर्सातल्या शोपॅन पियानो स्पर्धेत इव्हो पोगोरेलिच हा स्पर्धक अंतिम फेरीत पोचला नाही म्हणून पियानोवादक मार्था आर्गेरिच परीक्षक मंडळातून बाहेर पडल्या. त्यांचा राग निकालावर होता. त्या वर्षी पहिला आलेला व्हिएतनामचा डांग थाय सोन आपलं वाजवून गेला होता, निकाल काही त्याने लावला नव्हता. आपल्या मांडवातही पहिली आलेली मुलगी तशीच असते. गाऊन खाली उतरलेली. तिला जाऊन "छान गायलीस" म्हणावं, आणि बेरजेची शंका संयोजकांकडे न्यावी.