एरियन-५ : जी चाचणी झालीच नाही

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून युरोपचा नवा अग्निबाण एरियन-५ पहिल्यांदा झेपावला आणि सुमारे ४० सेकंदांत वाट सोडून फुटला. क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही त्याच्यासोबत गेले. इंजिनांत दोष नव्हता. बिघाड झाला तो दिशा आणि गती मोजणाऱ्या यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमध्ये.

हे सॉफ्टवेअर एरियन-४ साठी लिहिलेलं होतं. त्यात आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवली जायची. अधिक-उणे चिन्ह धरून १६ बिटांत ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. एरियन-४ ला ते पुरत होतं. एरियन-५ मात्र सुरुवातीलाच कितीतरी जास्त आडवा वेग घेतो. संख्या मावली नाही आणि या यंत्रणेचा संगणक बंद पडला. राखीव संगणकातही तेच सॉफ्टवेअर असल्यामुळे तो क्षणभर आधीच बंद पडला होता. त्यात एरियन-५ ला जमीन सोडल्यावर या हिशेबाची गरजच नव्हती, हे फार जिव्हारी लागतं.

मग चाचण्या झाल्या नव्हत्या का? झाल्या होत्या. पण सुट्या यंत्रणेला एरियन-५ चा उड्डाणमार्ग देऊन पाहिला नव्हता आणि एकत्रित चाचणीत तिच्या जागी तिची नक्कल जोडली होती. जागेवर ठेवलेल्या यंत्राला उड्डाणाचा आभास पुरेशा अचूकपणे देणं अवघड आहे, असं एक कारण त्यामागे होतं.

माझ्या मते हा प्रश्न रचनेचा आहे. 'हा भाग एकटा कसा तपासणार?' हे आराखडा कागदावर असतानाच विचारलं, तर मोजणारा भाग आणि हिशेब करणारा भाग वेगळे ठेवावेसे वाटतात, म्हणजे हिशेबाला हवी ती माहिती बाहेरून पुरवता येते. 'दोन्ही संगणक एकाच कारणाने बंद पडले तर?' ही चाचणी लिहायला घेतली, की राखीव संगणकात तेच सॉफ्टवेअर ठेवण्याचा निर्णय तिथेच अडतो. इथे मुळात गृहीतच धरलं होतं की बिघडलं तर यंत्र बिघडेल, सॉफ्टवेअर नाही.

गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या चौकशी समितीच्या अहवालानुसार, अपघातानंतर प्रत्यक्ष उड्डाणाची माहिती देऊन केलेल्या चाचणीत तोच बिघाड हुबेहूब घडला. शक्य तितकी खरी यंत्रं जोडून, खरीखुरी वाटणारी माहिती देऊन संपूर्ण प्रणाली तपासावी आणि कोणत्याही मोजयंत्राला माहिती पाठवणं थांबवू देऊ नये, अशा शिफारशी समितीने केल्या.