ग्रेडियंटमध्ये पट्टे का येतात? फाइल पाठवण्याआधी एवढं वाचा

"स्क्रीनवर तर एकदम स्मूथ दिसत होतं, मग प्रिंटमध्ये पट्टे कुठून आले?" ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाणारी छटा, छापून आली की हा फोन आम्हा छपाईवाल्यांना सारखा येतो, आणि दरवेळी तेच समजावण्यात तुमचं काम पण अडकतं आणि आमचं पण, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलंय.

बहुतेक वेळा पट्टे मशीन पाडत नाही, ते फाइलमध्येच असतात. नेहमीची फाइल 8 बिटची असते, म्हणजे एका चॅनेलमध्ये (लाल, हिरवा, निळा यातल्या एकेका रंगाच्या थरात) काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत फक्त 256 छटा, 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा. आता समजा बॅकग्राउंड 6000 पिक्सेल रुंद आहे आणि तुम्ही 30 व्हॅल्यूच्या गडद राखाडीपासून 60 पर्यंत ग्रेडियंट ओढलात, तर मध्ये पायऱ्या मिळतात जेमतेम 30, एकेक पायरी 200 पिक्सेलची, आणि 300 डीपीआयला (एका इंचात 300 पिक्सेल) छापली की साधारण 17 मिलिमीटरचा पट्टा. तो डोळ्याला दिसणारच ना. अंतर लांब आणि दोन रंग एकमेकांच्या अगदी जवळचे, त्यातून गडद, असं असेल तर हमखास त्रास होतो.

उपाय सोपा आहे. ग्रेडियंट टूल घेतलं की वर डिदरचा टिक चालू आहे ना ते बघा, फोटोशॉपमध्ये आहे, जिंपमध्ये पण आहे. त्याने शेजारच्या छटांचे पिक्सेल एकमेकांत मिसळतात आणि कडा मोडते. फाइल सुरुवातीपासून 16 बिटमध्ये, म्हणजे कितीतरी जास्त छटांमध्ये, केलीत तर अजून चांगलं. तरीही पट्टा दिसला तर ग्रेडियंटवर अगदी थोडा, एक-दोन टक्के नॉइज (बारीक दाणे) टाका, पण ब्लर वगैरे सगळं झाल्यावर, नाहीतर ब्लर तो पुसून टाकतो.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. सगळे लेयर फ्लॅटन करून (एकातच मिसळून), जेपेग बनवून, ते पण चॅटवर फोटो म्हणून पाठवलं जातं. तिथे ते पुन्हा कॉम्प्रेस होतं, साइज कमी होते, आणि डिदरने आणि नॉइजने जे बारीक दाणे आले होते तेच आधी जातात, पट्टे परत वर येतात. मग आम्ही सांगतो 16 बिट पाहिजे, तर तीच जेपेग उघडून मोड 16 बिट करून परत येते!! मोड बदलल्याने गेलेल्या छटा परत येत नाहीत हो, 30 पायऱ्या होत्या त्या 30 च राहतात. ग्रेडियंटचा लेयर जिवंत (फ्लॅटन न केलेला, बदलता येणारा) असेल तर तो 16 बिटमध्ये नव्याने तयार होतो, म्हणूनच आम्ही लेयरवाली मूळ फाइल मागतो. काहींना वाटतं आम्हाला त्यांचं डिझाइन ठेवून घ्यायचंय, तसं अजिबात नाही, पट्टे दुरुस्त करायला तोच एक रस्ता असतो.

रंगांबद्दल पण थोडं. आरजीबीमध्ये (स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीत) पिवळ्यातून थेट निळ्यात गेलात की बरोबर मध्यावर 128, 128, 128 म्हणजे शुद्ध राखाडी येतो आणि सगळं मळकट वाटतं, तिथे मध्ये हिरवा किंवा गुलाबी एक स्टॉप (मधला रंग) टाका, लगेच जीव येतो. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या सायन, मॅजेंटा, यलो, काळा या चार शायांमध्ये) लाल ते काळा करताना काळ्या टोकाला नुसता के 100, म्हणजे फक्त काळी शाई 100 टक्के, ठेवू नका, मॅजेंटा आणि यलो पण तसेच राहू द्या, नाहीतर मधला भाग फिका पडतो. शाई कागदाला जास्त होत असेल तर किती कमी करायची ते आम्ही बघून घेतो.

आणि वेळ नसेल तर ग्रेडियंट बनवूच नका. दोन्ही टोकांच्या रंगांच्या व्हॅल्यू, दिशा आणि छापायची फायनल साइज पाठवा, आम्ही त्याच साइजला ग्रेडियंट करून छोटा तुकडा छापून दाखवतो, तुम्ही हो म्हटलंत की मगच पूर्ण काम मशीनवर जातं.