स्टॉक साइटवर फोटो टाकताना कॅटेगरी कशी निवडावी

(कीवर्डिंग, म्हणजे फोटोला शोधशब्द जोडणे, आणि अपलोडचे काम आमच्याकडे देणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

स्टॉक साइट म्हणजे फोटो विक्रीला ठेवण्याची वेबसाइट; शटरस्टॉक आणि ॲडोबी स्टॉक या अशाच दोन. शटरस्टॉकवर प्रत्येक फोटोला एक कॅटेगरी द्यावीच लागते, दुसरी ऐच्छिक असते. ॲडोबी स्टॉकवर 21 पैकी एकच निवडता येते. त्यामुळे एकाच फोटोचा विचार दोन्ही ठिकाणी थोडा वेगळा करावा लागतो. फोटो कुठे आणि कोणत्या दिवशी काढला, हे घटकाभर बाजूला ठेवा. विकत घेणारा तो कशावर छापेल, हे आधी ठरवा.

उकडीचे मोदक घ्या. केळीच्या पानावर जवळून टिपलेले मोदक पाककृतीच्या पानासाठी किंवा हॉटेलच्या मेनूसाठी घेतले जातील, म्हणून ॲडोबीवर 'फूड'. तेच मोदक मूर्तीसमोर नैवेद्याच्या ताटात असतील आणि समई, दुर्वा, जास्वंद चौकटीत ठळक असेल, तर 'कल्चर अँड रिलिजन'. ॲडोबी स्वतःच एक कॅटेगरी सुचवते, पण ती यंत्राने चित्र पाहून सुचवलेली असते. मोदक त्याला ओळखता येतो. फोटो खाण्याचा की पूजेचा, हे तुम्हीच ठरवायचे. शटरस्टॉकवर दोन जागा असल्याने 'फूड अँड ड्रिंक' पहिली आणि 'हॉलिडेज' दुसरी द्यावी.

'हॉलिडेज' या शब्दाने आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. तिथे त्याचा अर्थ सुट्टीतली सहल नव्हे, तर सणवार. दिवाळीच्या पणत्या आणि गुढी यांची जागा तिथे आहे. गोव्याच्या रिकाम्या किनाऱ्याची नाही. तो 'नेचर' किंवा 'पार्क्स-आउटडोअर'मध्ये जातो.

चहाचेही तसेच. शटरस्टॉकवर खाणे-पिणे एकत्र आहे, ॲडोबीवर 'ड्रिंक्स' वेगळी. कटिंगचा ग्लास तिथे जातो. शेजारी कांदेपोहे असतील, तर फोकस ज्यावर आहे त्याची कॅटेगरी द्या.

एका सहलीचे सगळे फोटो एकत्र निवडून एकच कॅटेगरी लावणे, ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. कास पठाराचेच बघा. ॲडोबीवर एका फुलाचा क्लोजअप 'प्लँट्स अँड फ्लॉवर्स', फुलांनी भरलेले पठार आणि वर ढग 'लँडस्केप', पाठीवर बॅग घेऊन पायवाटेने चालणारे लोक 'ट्रॅव्हल'. जागा एक, दिवस एक, पण गिऱ्हाईक तीन. पैठणीचेही असेच: चौकटभर पदर दिसत असेल तर ॲडोबीवर 'ग्राफिक रिसोर्सेस', शटरस्टॉकवर 'बॅकग्राउंड्स-टेक्श्चर्स', मागावर बसलेला विणकर असेल तर 'इंडस्ट्री'. पांढऱ्या पार्श्वभूमीवरची हळकुंडे मात्र 'ग्राफिक रिसोर्सेस'मध्ये टाकू नका. ती कॅटेगरी पोत, पार्श्वभूमी आणि चिन्हांसाठी आहे. हळकुंडे 'फूड'मध्येच शोभतात.

शेतीला दोन्हीकडे स्वतंत्र कॅटेगरी नाही, आणि आपल्याकडे तर शेतीचे फोटो ढिगाने. आमची पद्धत अशी: ॲडोबीवर दूरवर पसरलेले शिवार 'लँडस्केप', कणसाचा क्लोजअप 'प्लँट्स अँड फ्लॉवर्स', पेरणी-मळणीचे काम चालू असेल तर 'इंडस्ट्री', आणि शेतकऱ्याचा चेहरा हाच विषय असेल तर 'पीपल'. शटरस्टॉकवर याच क्रमाने 'नेचर', 'नेचर', 'इंडस्ट्रियल', 'पीपल'.

'मिसलेनियस' शक्यतो टाळा. ती कॅटेगरी द्यावीशी वाटली, तर बहुधा फोटोचा विषयच अजून ठरलेला नसतो, आणि मग कीवर्डही विस्कळीत होतात. खरेदीदार मुख्यतः शब्द टाइप करून शोधतो, त्यामुळे चुकलेल्या कीवर्डची भरपाई कॅटेगरी करत नाही. शटरस्टॉकवर कीवर्ड 7 ते 50 लागतात. ॲडोबीवर 49पर्यंत चालतात आणि तिथे क्रमालाही महत्त्व आहे: सर्वांत नेमके शब्द पहिल्या दहांत ठेवा.

वारीचा फोटो 'रिलिजन'मध्ये टाकला म्हणून तो आपोआप एडिटोरियल, म्हणजे जाहिरातीसाठी नव्हे तर बातमी-लेखासाठी वापरायचा, होत नाही. ती खूण वेगळी करावी लागते. चेहरे ओळखू येतात आणि मॉडेल रिलीज (फोटोतल्या व्यक्तीचे सही केलेले संमतीपत्र) नाही, असा फोटो शटरस्टॉकवर व्यावसायिक वापरासाठी घेतला जात नाही. एडिटोरियल म्हणून देताना वर्णनाच्या सुरुवातीला शहर, देश आणि तारीख ठरलेल्या साच्यात लिहावी लागते.

शंभर-दोनशे फोटो असतील, तर सीएसव्ही फाइल, म्हणजे सगळ्या फोटोंची माहिती एकत्र भरलेला साधा तक्ता, सोयीची. ॲडोबीच्या फाइलमध्ये कॅटेगरी आकड्याने लिहितात: 4 ड्रिंक्स, 7 फूड, 10 इंडस्ट्री, 11 लँडस्केप, 13 पीपल, 14 प्लँट्स अँड फ्लॉवर्स, 15 कल्चर अँड रिलिजन, 21 ट्रॅव्हल. शटरस्टॉकच्या फाइलमध्ये कॅटेगरीचे नावच लागते, म्हणून एकीची फाइल दुसरीकडे चालत नाही. एक्सेलमध्ये 7 आणि 8 असे खालोखालचे दोन सेल निवडून खाली ओढले, तर पुढे 9, 10, 11 भरत जाते आणि जेवणाचे फोटो गुपचूप 'इंडस्ट्री'त पोचतात. आकडे कॉपी-पेस्टच करा. फोटो आधी चढवा, सीएसव्ही नंतर. सीएसव्हीत लिहिलेले फोटोचे नाव चढवलेल्या फोटोच्या नावाशी शेवटच्या जेपीजीसकट तंतोतंत जुळायला हवे.

आमच्याकडे फोल्डर पाठवताना प्रत्येक गटासोबत एक ओळ लिहून द्या: काय आहे, कुठे, कोणत्या तारखेला, आणि कोणाचे सही केलेले मॉडेल रिलीज तुमच्याकडे आहे.